माणसाची लेन्स

चंद्रपुरात कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दिसला का?" कोण, ते विचारायची गरज नसते. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या गावात कॅमेऱ्याला दुसरं काही काम असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. माझ्या दवाखान्याच्या घरमालकांना हा प्रश्न जन्मभर विचारला गेला, आणि त्यांचं उत्तरही जन्मभर एकच होतं.

"दिसला नं. आत्ता चौकात पान खाऊन राह्यला होता."

विचारणारा गोंधळून उभा राहायचा. तोवर ते पुढं निघून गेलेले असायचे.

वाघाबद्दल त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "त्याचे फोटो रोज निघते. त्याले काही कमी नाई," एवढंच म्हणायचे. त्यांना चेहरे लागायचे, माणसांचे, आणि तेही एका ठरावीक जातीच्या लेन्समधून. वाघवाल्यांची लेन्स हातभर लांब असते, ती दूरचं जवळ आणते. लग्नातल्या गर्दीची लेन्स बुटकी असते, ती सगळा मांडव एका फोटोत कोंबते. यांची लेन्स त्या दोघींच्या मधली. फोटोवाले तिला शॉर्ट टेली म्हणतात. तिच्यातून चेहरा घ्यायचा तर माणसापासून जरा मागं सरकून उभं राहावं लागतं, आणि तिथून नाक नाकाएवढं दिसतं आणि कान कानाएवढे.

मी दातांची डॉक्टर. परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटबंदीच्या आत, बाजाराच्या तोंडाशी त्यांची दुमजली इमारत होती. खाली त्यांचा स्टुडिओ, वर माझा दवाखाना, त्याच्यावर गच्ची. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. स्टुडिओच्या जागी मोबाइलच्या काचा बसवून देणाऱ्याचं दुकान आलं आहे.

आमची ओळख झाली ती दातांच्या फोटोंमुळे. उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवायला मला कॅमेरा हवा होता. चाचांनी एक जुना कॅमेरा आणि त्याला एक जवळून पाहायची लेन्स लावून दिली. अंगठी फिरवून हातानं फोकस कसा करायचा, श्वास रोखून अंग किंचित पुढं-मागं कसं झुकवायचं, ते शिकवलं. मग बजावून सांगितलं, "ही किडे पाहाची लेन्स. दातापुरती ठीक आहे. हिनं कोणाचा चेहरा काढू नका, डॉक्टरबाई."

"का?"

"ही खरं बोलते. पण कुठी थांबावं ते हिले कळत नाई."

त्यांच्या स्वतःच्या लेन्सा एका लाकडी कपाटात असायच्या. आत दिवसरात्र एक पिवळा बल्ब जळायचा, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. एकूण एक लेन्स एकाच कामाची, माणसाचा चेहरा काढायची. पाहणाऱ्याला त्या जवळपास सारख्या वाटायच्या. चाचांना त्या नात्यातल्या माणसांसारख्या वेगळ्या दिसायच्या आणि त्यांनी त्यांना नातीच लावून टाकली होती. पंच्याऐंशी मिलिमीटरची एक हलकी लेन्स होती, तिचं नाव सून. "दिवसभर काम करते, तक्रार नाई. फक्त पांढऱ्या साडीच्या काठाले जांभळी किनार आणते, तेवढं चालवून घ्या लागते." दुसरीही पंच्याऐंशीचीच, पण तोंड मोठं, काच जाड, वजन विटेएवढं. तो जावई. "महाग, नाजूक, आणि जराशी चूक झाली का रुसते. पण राजी असला तं त्याच्यासारखा कोणी नाई." एकशे पस्तीसची होती ते व्याही, कारण तिच्याशी अंतर राखूनच वागावं लागायचं, खोलीत तर ती कामाचीच नव्हती. एक रशियन बनावटीची लोखंडी लेन्स होती, ते आजोबा. ते उन्हाकडे तोंड केलं की काहीच बघायचे नाहीत आणि मागची झाडं गोल गोल फिरवायचे. आणि एकशे पाचची एक जुनी, हातानं फोकस करायची लेन्स होती. ती मावशी. मावशीबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. कपाट उघडलं की पहिला हात मात्र तिच्याकडे जायचा.

या लेन्सांची तुलना हा त्यांचा धंदा होता, असं म्हटलं तरी चालेल. लग्नाची कामं त्यांनी केव्हाच सोडली होती. नवरीला बसवून एकाच पोजमध्ये पाचही लेन्सांनी फोटो काढू लागले की वरात खोळंबायची. मग लोकांनी बोलावणं बंद केलं. पासपोर्टच्या फोटोंवर स्टुडिओ चालायचा, आणि उरलेला वेळ या परीक्षेत जायचा. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक लाकडी खुर्ची मांडलेली होती. आमच्या गावच्या हवेत कोळसा असतो. सकाळी खुर्चीवरून बोट फिरवलं तर काळं होतं. चाचा रोज सकाळी ती खुर्ची पुसायचे आणि मग तिच्यात बसायला माणूस शोधायला निघायचे.

त्यांना फार लांब जावं लागत नसे. जिन्यात माझे पेशंट असत.

इंजेक्शन देऊन दाढ काढलेला माणूस, गालात कापूस धरून जिना उतरत असायचा, आणि चाचा त्याला अडवायचे. "ओठ सुन्न आहे का? मग या वर. दोन मिनिटं बसा." त्यांचं म्हणणं असं की कॅमेरा समोर आला की माणूस खोटं हसतो, आणि ते हसू सगळ्या तुलनेचा सत्यानाश करतं. ओठ सुन्न असला की हसता येत नाही. "तुमचे पेशंट माह्या कामाले फार चांगले," ते मला एकदा मनापासून म्हणाले. मी चिडले. माझ्याकडे परत न आलेले काही पेशंट मी त्यांच्या खात्यावर टाकते. पण गंमत अशी की बरेच जण परत यायचे, दाढेसाठी नाही, फोटो पाहायला.

कारण पुढचा भाग त्याहून विचित्र होता. सगळ्या लेन्सांचे फोटो एकाच मापात छापून ते टेबलावर ओळीनं मांडायचे आणि विचारायचे, "कोणता?" कुठला फोटो कोणत्या लेन्सचा ते सांगायचे नाहीत. लोक बोट ठेवायचे. चाचा आशेनं विचारायचे, "काऊन हा?"

"ह्यात केस बरे बसले."

"ह्यात माहं पोट नाई दिसत."

एका शिक्षकांनी तर एक फोटो उचलला आणि म्हणाले, "हा आमच्या बाबांसारखा आला." त्या दिवशी मात्र चाचांनी चहा मागवला. तो फोटो मावशीचा होता.

मी त्यांच्याशी भांडायची. वन-पॉइंट-फोर आणि वन-पॉइंट-एट, म्हणजे जावई आणि सून, यांच्यातला फरक जगात कुणाला दिसत नाही, असं माझं म्हणणं होतं. हे आकडे लेन्सचं बुबुळ किती मोठं उघडतं ते सांगतात. आकडा लहान तेवढं बुबुळ मोठं, उजेड जास्त, आणि फोटोतला स्पष्ट भाग तेवढाच पातळ. जावई पूर्ण उघडला तर पापणी रेखीव आणि कान धुक्यात, असा प्रकार. सून थोडीशी जास्त जागा देते. थोडीशीच.

"दोन दातातली केसाएवढी फट तुमी घासून घासून भरता," चाचा म्हणाले. "पेशंटले दिसते का ते?"

"दिसत नाही. जिभेला लागते."

"मग? मले बी लागते."

मोबाइलचा त्यांना मनापासून राग होता. राग फोटोंचा नव्हे, अंतराचा. "हातभर अंतरावरून माणूस दोघालेच पाह्यते," ते म्हणायचे. "कडेवरच्या लेकराले, नाई तं ज्याच्याशी भांडून राह्यला त्याले. बाकी साऱ्या दुनियेले आपण दोन पावलं मागून पाह्यतो. मग फोटोत काऊन घुसता त्याच्या नाकात?"

एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. जंगलात उघड्या जीपमध्ये फिरताना धक्का बसून त्यांचा पुढचा दात कॅमेऱ्यावर आपटला होता. त्यांची लेन्स एका वेगळ्या बॅगेत होती, बंदुकीसारखी. दात बसेपर्यंत चाचा वर आले, लेन्स पाहून खूश झाले, हातात घेऊन वजन केलं. गृहस्थांनी वाघिणीचे फोटो दाखवले. खरंच सुंदर होते, मिशीन् मिशी मोजता यावी असे. चाचांनी सगळे पाहिले, दाद दिली आणि विचारलं, "दाखवली कोणी तुमाले?"

"गाइड होता ना. फार हुशार माणूस. पानाच्या आवाजावरून सांगायचा."

"त्याचा दाखवा."

"त्याचा फोटो नाही."

"एक बी नाई?"

"तो गाडीत अगदी पुढ्यातच बसतो हो," गृहस्थ म्हणाले, "या लेन्समध्ये इतक्या जवळचं येत नाही."

चाचांनी लेन्स परत बॅगेत ठेवली, चेन नीट लावून दिली. ते हसले नाहीत. पण नंतर कित्येक दिवस कुणीही भेटलं की त्याला हे सांगायचे, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, "माणूस वाईट नव्हता बरं. लेन्स चुकली."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी उजव्या, मग डाव्या. "सारी दुनिया आता वन-पॉइंट-टू दिसून राह्यली," असं ते कौतुकानं सांगायचे. ऑपरेशनला मात्र तयार नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं की आतली गढूळ लेन्स काढून दुसरी बसवायची, बस. चाचांनी विचारलं, कोणत्या कोणत्या आहेत, त्यांच्यात फरक काय, आणि दोन-तीन लावून पाहून मग ठरवलं तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, असं लावून पाहता येत नाही. चाचा खुर्चीवरून उठले आणि घरी आले.

"बिना पाह्यता कोणी लेन्स घेते का?" ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "चाचा, हा फोटो नाही, डोळा आहे."

"तेच तं."

त्या हिवाळ्यात कौसल्याबाई माझ्याकडे आल्या. मूल या तालुक्याच्या गावापलीकडच्या एका खेड्यातल्या. धानाची थोडी शेती, नवरा, एक मुलगा. आदल्या वर्षी पहाटे मोहाची फुलं वेचायला गेल्या असताना अस्वलानं धरलं. नागपूरला कित्येक महिने राहून उजवा गाल आणि वरचा जबडा डॉक्टरांनी पुन्हा उभा केला होता. काम फार चांगलं झालं होतं, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. पण गालावर टाक्यांच्या जाड रेघा होत्या, पापणी अर्धी उतरलेली, आणि ओठांचा कोपरा वर ओढला गेलेला. वरचे दात बसवायचे होते. म्हणून मुलगा त्यांना दर आठवड्याला बसनं घेऊन यायचा.

अस्वलाबद्दल त्या अगदी सहज बोलायच्या. "ते बी मोहच वेचाले आलं होतं. मले ते दिसलं नाई, त्याले मी दिसली नाई. दोघंबी दचकलो." जिन्यात आणि रस्त्यात मात्र त्यांचा पदर उजव्या गालावरून घट्ट ओढलेला असायचा, टोक दातांच्या जागी हिरडीत धरलेलं.

चाचा जिन्यात असायचेच. मोतीबिंदू असला तरी कोण चढतंय, कोण उतरतंय हे त्यांना कळायचं. मला धास्ती होती की ते या बाईंनाही खुर्चीत बसवायला बघतील. त्यांनी बसवलं नाही. कौसल्याबाई आल्या की ते कठड्याला टेकून वाट द्यायचे, नमस्कार करायचे आणि खाली जायचे. मला बरं वाटलं. माणसाला समज आहे, असं वाटलं.

चौथ्या-पाचव्या खेपेला कौसल्याबाई जिन्यात थांबल्या. मी दारातच होते.

"भाऊ, तुमी साऱ्याइले बसवता म्हणे खुर्चीत," त्या म्हणाल्या. "मले काऊन नाई बसवत?"

मुलगा आईचा हात धरून "चाल नं, बस जाईन" म्हणत होता.

"मले पाह्यजे फोटो," त्या म्हणाल्या. "खरा पाह्यजे."

मग सगळं समजलं. मुलाचं लग्न ठरलं होतं, मुलगी आरमोरीच्या पुढच्या गावची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला, तेव्हा या पदर ओढून बायकांच्या मागं बसल्या होत्या. सासूला अस्वलानं धरलं होतं एवढं त्या लोकांना माहीत होतं, पण चेहरा कुणी पाहिला नव्हता. साक्षगंधाच्या फोटोवाल्यानं, एका फोटोत पदर सरकलेल्या त्या सापडल्या तेव्हा, त्यांचा गाल मोबाइलवर घासून गुळगुळीत करून दिला. रेघा नाहीत, पापणी सरळ. कौसल्याबाईंनी तो फोटो आम्हाला दाखवला. एक अनोळखी, मेणासारखी बाई होती.

"हा पोरीकडे गेला," त्या म्हणाल्या. "ती ह्या बाईच्या घरी येऊन राह्यली. अन् सकाळी उठून मले पाहीन. दचकू नाई ती. आधीच पाह्यलं पाह्यजे तिनं. नाई पटलं तं आत्ताच नाई म्हणन."

मुलगा खाली बघत होता. त्यानं आधी स्वतःच्या मोबाइलवर आईचा फोटो काढून पाहिला होता. तो त्यानं मला नंतर दाखवला. हातभर अंतरावरून, बल्बच्या उजेडात, त्या फोटोत रेघांशिवाय काहीच नव्हतं. तो पाठवायचं धाडस त्याला झालं नव्हतं, आणि मला ते समजलं.

पुढच्या खेपेला सकाळच्या बसनं मायलेक आले. दात त्या दिवशी बसले. चाचांनी खुर्ची पुसून ठेवली होती आणि कपाटातल्या सगळ्या लेन्सा गच्चीवर आणून टॉवेलवर मांडल्या होत्या. मी हातातलं काम सोडून वर गेले.

पहिला जावई. चाचांनी कौसल्याबाईंना थोडं वळवून बसवलं, डावा डोळा कॅमेऱ्याकडे. लेन्स पूर्ण उघडली, आणि पडद्यावर फोटो दाखवला. मी पाहतच राहिले. डावा डोळा, पापणीचे केस, कपाळावरचं कुंकू रेखीव, आणि उजवी बाजू हळूहळू धुक्यात विरघळून गेलेली. खोटं काहीच नव्हतं आणि जखमही नव्हती. मला वाटलं, झालं काम.

कौसल्याबाईंनी बराच वेळ पाहिलं. "चांगला हाय. पण इकडची बाजू कुठी गेली?"

"ती मी मऊ केली, बाई."

"काऊन?"

चाचा लेन्सची अंगठी पुसू लागले.

"नागपूरच्या डॉक्टरनं एवढे महिने लावले हे जोडाले," त्या म्हणाल्या. "जोडलेलं दिसू द्या नं."

मग सून झाली. तिच्यात रेघा दिसल्या, पण पदराच्या काठाला जांभळी किनार आली आणि चाचांनी स्वतःच मान हलवली. आजोबांनी मागच्या पिंपळाची पानं गरगर फिरवली, कौसल्याबाई म्हणाल्या, "मले चक्कर आल्यासारखी दिसते." व्याह्यांसाठी चाचा गच्चीच्या टोकापर्यंत मागं गेले. चेहरा छान आला, पण नाण्यावरच्या चित्रासारखा सपाट. शेवटी मावशी लावली. बुबुळ बारीक करून घेतलं, म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत सगळं स्पष्ट येईल. आणि मग ते नुसते उभे राहिले. कॅमेरा डोळ्याला, पण बटण दाबेनात.

"काढा नं," मुलगा म्हणाला.

"बोलू दे त्याइले," चाचा म्हणाले. "डॉक्टरबाई, बोला काही."

मी काय बोलणार? दाताचंच बोलले. म्हटलं, महिनाभर सुपारी नाही. कौसल्याबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एवढं अस्वलातून वाचली, आता सुपारीवाचून मरू का?" आणि नवे दात दाखवून हसल्या, ओठ एका बाजूला ओढला गेला तसाच. तेव्हा बटण दाबल्याचा आवाज आला.

त्या फोटोत सगळं होतं. रेघा, पापणी, वाकडा ओठ. पण पाहणाऱ्याची नजर आधी हसण्यावर जायची आणि मग रेघांवर. मुलानं तो मोबाइलवर घेतला आणि गच्चीवरूनच पाठवला.

कित्येक दिवस उत्तर आलं नाही. मुलगा दवाखान्यात औषध न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. चाचा रोज मला विचारायचे, "आलं का काही?" एका सकाळी तर म्हणाले, "जावयाचा पाठवाले पाह्यजे होता का, डॉक्टरबाई?" इतक्या वर्षांत आपल्या लेन्सबद्दल त्यांना शंका आलेली मी तेव्हाच पाहिली.

मग कौसल्याबाईंचाच फोन आला. मुलीच्या गावात रेंज नव्हती. आरमोरीच्या बाजाराला आली तेव्हा तिनं फोटो उघडला आणि तिथूनच उत्तर पाठवलं. काय लिहिलं होतं, ते कौसल्याबाईंनी मुलाला फोनवर मला वाचून दाखवायला लावलं: आईले चावता येते का, का मऊ लागते? मी तसं करत जाईन.

"काय सांगू तिले?" कौसल्याबाईंनी मला विचारलं. "भाकर चालते का मले?"

"लग्न येईपर्यंत सगळं चावता येईल," मी म्हटलं.

हे मी खाली जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मावशी कपाटात ठेवली आणि दिवसभर दुसरं कुठलंच काम केलं नाही.

लग्नाला आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. कडक उन्हाळा होता. मुलाच्या मित्रांनी फोटोवाला ठरवला होता, त्याचं ड्रोन मांडवावर भिरभिरत होतं. चाचा एकटी मावशी घेऊन आले होते. कौसल्याबाई पदर खांद्यावर घेऊन सगळ्यांमधून वावरत होत्या; काही लोक बघायचे, मग बघून झालं की जेवायला बसायचे. लग्न लागल्यावर त्यांनी ड्रोनवाल्याला थांबवलं आणि म्हणाल्या, "आमच्या दोघीचा फोटो माहा फोटोवाला काढीन."

मावशीला दोन माणसं उभी मावायची तर बरंच मागं जावं लागतं. चाचा मागं मागं सरकत पंगतीच्या मधून गेले, वाढणाऱ्यांनी त्यांना वाट दिली, आणि मांडवाबाहेर धानाच्या शेताच्या रिकाम्या बांधीत जाऊन उभे राहिले. मी सोबत गेले, ते ढेकळात अडखळतील म्हणून. त्यांनी कॅमेरा लावला. अंगठी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. पुन्हा फिरवली. उन्हात त्यांचे डोळे पाणावले होते.

मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "मले कोण कुठी आहे तेच दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले. "तुमी काढा."

मी दातांशिवाय कशाचा फोटो काढलेला नव्हता. डोळा लावला. सासू आणि सून शेजारी शेजारी उभ्या होत्या. तेवढ्यात वारा आला आणि कौसल्याबाईंचा पदर उडून उजव्या गालावर आला. सुनेनं बोलता बोलता, आपली वेणी मागं टाकावी तसा, तो पदर धरला आणि त्यांच्या खांद्यामागं टाकला. मी बटण दाबलं.

"आला का?" चाचांनी विचारलं.

"आला."

"काय होतं?"

मी सांगितलं. ते त्या दिशेनं पाहत राहिले, जिथे त्यांना दोन रंगांचे डाग तेवढे दिसत असणार.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. कोणती लेन्स बसवली, मी विचारलं. म्हणाले, "विचारलं नाई."

पट्टी निघाल्यावर त्यांनी तो फोटो संगणकावर उघडला आणि मला खाली बोलावलं. हिरवा चष्मा कपाळावर चढवून, अगदी जवळ वाकून पाहत होते. "डॉक्टरबाई, फोकस चेहऱ्यावर नाई. सुनेच्या हातावर आला."

मी म्हटलं, "हो, मला सवय नाही."

"राहू द्या. मी असतो तं चेहऱ्यावर केला असता," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ पाहून म्हणाले, "अन् चुकलो असतो."

त्यांनी तो मोठा करून छापला, चौकट लावली, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठीला बांधला, आणि एका सकाळी कौसल्याबाईंच्या गावी जायला मूलची बस धरायला निघाले. मी दवाखाना उघडत होते. हातात कॅमेऱ्याची बॅग नव्हती, म्हणून विचारलं, "मावशी नाही घेतली?"

"नाई," चाचा म्हणाले. "आज मी फक्त पाहाले चाललो."